केमोनंतरचे एकटे घर: भीती कशाची, धोका कशाचा

डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरील केमोथेरपीचे औषध शिरेतून घेऊन घरी परतलेली व्यक्ती संध्याकाळी लघवीला जाते आणि लघवीचा रंग लालभडक दिसतो. घरात दुसरे कोणी नसेल, तर पुढचे काही तास नाही नाही त्या विचारांत जातात. प्रत्यक्षात तो रंग रक्ताचा नसतो. औषधच मुळात लाल असते आणि एक-दोन दिवसांत लघवी पूर्ववत होते. याच व्यक्तीला दहाव्या दिवशी थोडी कणकण जाणवते, घसा किंचित खवखवतो, आणि ‘सकाळपर्यंत पाहू’ असे म्हणून ती पांघरूण घेऊन झोपते. पहिल्या प्रसंगी घाबरण्याजोगे काही नव्हते; दुसरा जिवावर बेतू शकतो. केमोथेरपीच्या दुष्परिणामांत एखादे लक्षण माणसाला किती घाबरवते आणि ते किती धोक्याचे असते, यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. घरात दुसरे माणूस असले की ‘हे काही नाही’ किंवा ‘चल, आत्ताच निघू’ असे म्हणून ते नकळत या दोहोंची फोड करत असते. एकट्याने राहणाऱ्याला हे काम आजारी असतानाच, स्वतःच करावे लागते.

केमोची बरीचशी औषधे वेगाने विभाजन पावणाऱ्या पेशींवर आघात करतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतातच; पण केसांची मुळे, तोंडापासून आतड्यांपर्यंतचे अस्तर आणि हाडांमधील अस्थिमज्जा येथील निरोगी पेशीही तशाच असतात. म्हणून केस गळतात, तोंड येते, जुलाब होतात आणि रक्तातील पेशींची संख्या, म्हणजे रुग्णालयाच्या भाषेत ‘काउंट’, खाली येते. हे सारे एकाच वेळी घडत नाही, आणि त्यामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, प्लेटलेट ८ ते १० दिवस. जंतूंशी पहिला सामना करणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचे रक्तातील आयुष्य मात्र फारच थोडे असते आणि अस्थिमज्जेतील त्यांचा तयार साठा काही दिवसांत संपतो. नवा माल तयार होणे केमोने थांबवलेले असते. त्यामुळे अनेक औषधांच्या बाबतीत न्यूट्रोफिलची संख्या डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान तळाला जाते आणि पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत सावरते. पुष्कळ औषधांचे चक्र, म्हणजे एका डोसपासून पुढच्या डोसपर्यंतचा काळ, २१ दिवसांचे असण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

यातील विपरीत भाग असा की मळमळ, गळून जाणे, जेवणाची शिसारी हे त्रास बहुधा पहिल्याच आठवड्यात ओसरतात, आणि काउंट तळाशी असतो तेव्हा माणसाला बरे वाटू लागलेले असते. विचारपूस करणारी मंडळीही नेमकी याच सुमारास फोन करण्याचे थांबवतात. तेव्हा एकट्याने राहणाऱ्या रुग्णाने कोणाची मदत मागायची असेल, तर ती डोसच्या दिवसापुरती न मागता दुसऱ्या आठवड्यासाठी आवर्जून मागावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

या दिवसांतला ताप वेगळ्या जातीचा असतो. जखम लाल होणे, सुजणे, पू धरणे, न्यूमोनियात कफ पडणे ही संसर्गाची ओळखीची चिन्हे बरीचशी न्यूट्रोफिलच घडवून आणतात. त्याच नसतील तर गंभीर संसर्ग असूनही शरीर गप्प राहते आणि ताप हे पुष्कळदा एकमेव लक्षण उरते. बहुतेक ठिकाणी ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट, ही मर्यादा सांगितली जाते. आपल्या उपचारकेंद्राने वेगळा आकडा लिहून दिला असेल तर तोच पाळायचा. ताप त्या आकड्याला पोहोचला की रात्र असो वा पहाट, फोन करायचा आणि निघायचे, कारण अशा रुग्णाला पोहोचल्यापासून साधारण तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे असे उद्दिष्ट असते. हुडहुडी भरून थंडी वाजत असेल किंवा एकाएकी फार गळून गेल्यासारखे होत असेल, तर थर्मामीटरवर ताप नसला तरी हाच नियम.

ताप मोजण्याचीही एक शिस्त आहे. गरम किंवा थंड काही प्यायल्यावर लगेच तोंडात थर्मामीटर धरला तर आकडा फसवा येतो, म्हणून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा कमी येतो हे ध्यानात असावे. गुदद्वारातून ताप मुळीच मोजू नये, कारण तेथील नाजूक अस्तराला इजा झाल्यास जंतूंना वाट मिळते. आणि मोजण्याआधी पॅरासिटामॉल घेऊ नये. अंगदुखीसाठी सहज घेतलेली ती गोळी ताप उतरवते, आतला संसर्ग मात्र जसाच्या तसा राहतो. उलटी थांबवण्यासाठी दिले जाणारे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडही ताप झाकू शकते. फोनवर पहिले वाक्य ‘मला ताप आहे’ हे नसावे. ‘मी केमो घेत आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला आणि आत्ता ताप इतका आहे’ असे असावे. तेवढ्याने समोरच्याच्या कामाचा वेग बदलतो.

घाबरवण्यात ऑक्झॅलिप्लॅटिनचा हात धरणारे औषध क्वचितच असेल. डोसनंतर काही दिवस थंड वस्तूला हात लागला की बोटांत सुया टोचल्यासारखे होते, आणि थंड पाण्याचा घोट घेतला तर घसा आवळून श्वास बंद झाल्याचा भास होतो. हा भास घशाच्या संवेदनावाहक चेतातंतूंचा असतो. श्वासमार्ग खुला असतो आणि रक्तातील ऑक्सिजनही कमी झालेला नसतो. कोमट पाणी हळूहळू घोटल्यावर, उबदार हवेत श्वास घेतल्यावर तो ओसरतो. तथापि ओठ किंवा चेहरा सुजला, अंगावर गांधी उठल्या, छातीतून सूं-सूं आवाज येऊ लागला किंवा चक्कर आली, तर ती थंडीची करामत नव्हे. ती ॲलर्जीची प्रतिक्रिया असू शकते आणि तेव्हा एक मिनिटही दवडू नये. याच न्यायाने, फ्लुरोयुरॅसिल किंवा त्याची गोळी कॅपेसिटाबिन चालू असताना छातीत दुखले तर ‘मनाचा खेळ असेल’ म्हणून सोडून देणे चुकीचे आहे, कारण ही औषधे हृदयाच्या रक्तवाहिन्या आकुंचित करू शकतात.

मळमळीबद्दल थोडक्यात एवढेच की ती दोन टप्प्यांत येते. पहिल्या २४ तासांतली मळमळ मुख्यतः आतड्यातून सुटणाऱ्या सिरोटोनिनमुळे होते आणि ऑन्डॅनसेट्रॉनसारखी औषधे तिला चांगली आवरतात. त्यानंतरची मळमळ, विशेषतः सिस्प्लॅटिनची, मेंदूतील दुसऱ्या एका रसायनाच्या मार्गाने येते आणि दोन-तीन दिवसांनी जोर धरते. म्हणून सांगितलेल्या गोळ्या त्रास होण्याची वाट न पाहता घड्याळाकडे पाहून घ्याव्यात. एकट्या घरात उलटी-जुलाबांपेक्षा त्यांच्यापाठोपाठ येणारा पाण्याचा अभाव अधिक त्रासदायक ठरतो: लघवी गडद आणि कमी होते, उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस रात्री स्नानगृहाच्या वाटेवर पडतो. प्लेटलेट कमी असताना डोक्याला लागलेला मार बाहेरून किरकोळ दिसला तरी आत रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे तो रुग्णालयात दाखवावाच लागतो. दिवसभर पाणीही पोटात राहत नसेल, तर सलाईनची गरज आहे असे समजावे.

एक गोष्ट मात्र थर्मामीटरने किंवा वहीतल्या नोंदींनी पकडता येत नाही, ती म्हणजे स्वतःच्या मनाचा गोंधळ. तीव्र संसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, किंवा इफॉस्फामाइडसारख्या औषधाचा मेंदूवरील परिणाम यांत माणूस असंबद्ध बोलू लागतो, वेळेचे भान हरपते, झोपाळू होतो. आणि आपण गोंधळलो आहोत हे ओळखणारी यंत्रणाच बिघडलेली असल्याने त्याला स्वतःला काहीच वावगे वाटत नाही. यावर उपाय दुसऱ्या माणसाचा कान हाच. सकाळी आणि रात्री ठरलेल्या वेळी एक फोन, त्यात ‘कसे वाटते?’ यापेक्षा ‘ताप किती, पाणी किती, आज वार कोणता?’ असे प्रश्न, आणि फोन उचलला गेला नाही तर किती मिनिटांनी काय करायचे हे आधीच ठरलेले. एवढी व्यवस्था पुरते. संदेशाला आलेला अंगठा हे उत्तर मानू नये, बोलणे ऐकावे.

लक्षणे कोणाला तरी नियमितपणे कळवण्याचा उपयोग केवळ धीर मिळण्यापुरता नाही, याचा पुरावाही आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या मेमोरिअल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रात इथन बाश आणि सहकाऱ्यांनी केमो घेणाऱ्या ७६६ रुग्णांवर अभ्यास केला. एका गटातील रुग्ण आपली लक्षणे संगणकावर नोंदवत आणि एखादे लक्षण तीव्र झाले की परिचारिकेला सूचना जाई. दुसऱ्या गटाची देखभाल नेहमीप्रमाणे झाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नोंदवणाऱ्या गटाचा मध्यक जीवनकाल (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ३१.२ महिने, तर दुसऱ्या गटाचा २६ महिने होता. केमो दोन्ही गट घेत होते. त्रास वेळेवर कळणे आणि त्यावर कोणीतरी हालचाल करणे, हाच देखभालीतला मुख्य फरक होता. ‘उगाच कशाला त्यांना त्रास’ म्हणून फोन न करणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत.

रात्रीच्या भीतीत औषधाचा वाटा किती, हेही ठाऊक असावे. डेक्सामेथासोनने पहिल्या दोन-तीन रात्री झोप उडते, मन अस्वस्थ राहते, आणि ते बंद झाल्यावर एकाएकी उदास, रिकामे वाटू शकते. त्या दिवसांत आलेले विचार पुरते आपले नसतात. गोळीची वेळ सकाळकडे सरकवता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे, पुष्कळदा येते.

राहता राहिला प्रश्न दाराचा. रुग्णवाहिका बोलावता आली तरी उठून दार उघडण्याइतकी शक्ती उरेलच असे नाही, म्हणून एक किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्याकडे असावी. औषधांची यादी, डोसच्या तारखा आणि उपचारकेंद्राचा रात्रीचा क्रमांक लिहिलेला कागद दाराच्या आतल्या बाजूस चिकटवलेला असावा. आतून कडी घातलेली असेल तर शेजाऱ्याकडच्या किल्लीचा काही उपयोग नाही. तेव्हा काउंट खाली असतानाच्या दिवसांत रात्री बाहेरून उघडेल असे कुलूपच तेवढे लावावे आणि कडी काढून ठेवावी.