फोटोतलं ‘भूत’ आणि ओली काच

राजवाड्यांच्या अवशेषांचे जुने फोटो मोबाइलवर फिरू लागले की सोबत एक ओळ हमखास येते: ‘कमानीखाली नीट बघा.’ बघावं तर कधी कधी खरंच एक आरपार दिसणारी आकृती उभी असते. मग राणीचा आत्मा, शापित वास्तू वगैरे सुरू होतं. बीजिंगजवळचा युआनमिंगयुआन हा चिनी सम्राटांचा राजवाडा ब्रिटिशांनी ऑक्टोबर १८६० मध्ये जाळला, पॅरिसचा ट्युइलरी महाल मे १८७१ मध्ये जळाला. त्या काळात फोटोची मुख्य पद्धत होती ओल्या कोलोडियनची, आणि आकृतीचं उत्तर तिच्यातच आहे.

ईथर आणि अल्कोहोलच्या मिश्रणात गनकॉटन (आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस) विरघळवायचा, त्यात आयोडाइड आणि ब्रोमाइडचे क्षार घालायचे, की झालं कोलोडियन. खडूच्या पुडीने घासून लख्ख केलेल्या काचेच्या मध्यावर ते ओतायचं, काच कलती करून चारही कोपऱ्यांपर्यंत न्यायचं, उरलेलं परत बाटलीत. थर चिकटसर झाला की तीन-चार मिनिटं सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायचं. तिथे थरात सिल्व्हर आयोडाइड आणि ब्रोमाइड तयार होतं. काच ओली असतानाच कॅमेऱ्यात, लगेच अंधाऱ्या तंबूत, वर चित्र उमटवणारं फेरस सल्फेटचं द्रावण, शेवटी चित्र पक्कं करणारा हायपो.

थर वाळला की सिल्व्हर नायट्रेटचे स्फटिक धरतात आणि फोटोला टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात. थंड हवेत हाताशी दहा-पंधरा मिनिटं मिळतात. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि शुद्ध ईथर ३५ अंशांच्या आतच उकळतो. इथे भर दुपारी ओतलेलं कोलोडियन कोपऱ्यात पोहोचण्याआधीच घट्ट होऊन वळ्या पडतील. अशा ठिकाणी हे काम पहाटेच उरकावं लागतं.

आता भूत. समजा काचेवर प्रकाश पडू देण्यासाठी भिंगावरचं टोपण दहा सेकंद काढलं. एखादा माणूस कमानीत तीन सेकंद थांबून निघून गेला, तर उरलेली सात सेकंद त्याच्या मागच्या भिंतीचा प्रकाश त्याच जागी पडत राहिला. म्हणून माणूस फिकट आणि भिंत त्याच्या आरपार. न थांबता चालत गेलेल्याचा तर मागमूसही उरत नाही; वर्दळीचं अंगण ओसाड दिसतं. पावलं स्पष्ट आणि डोकं पुसट असेल, तर तो जागेवर उभा राहून मान हलवत होता.

काजळीचीही अशीच गफलत होते. हा थर निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाशच टिपतो. आकाश सपाट पांढरं येतं, लाल वीट काळपट. चिनी सम्राटाच्या वास्तूंवरची पिवळी चकचकीत कौलंही गडद येतात. त्यामुळे अवशेषांच्या फोटोतला प्रत्येक काळा पट्टा आगीचा समजू नये. खऱ्या काजळीचे ओघळ खिडकी-दारांच्या वरच्या बाजूला पसरत जातात. रंगाचा काळेपणा मात्र विटेच्या किंवा कौलाच्या कडेला नेमका थांबतो.

घरी करून बघायचं असेल तर लाल आणि आकाशी पट्ट्यांची सोलापुरी चादर उन्हात टाका, मोबाइलने फोटो काढा आणि एडिटिंग ॲपमध्ये फक्त निळा चॅनेल ठेवून तो कृष्णधवल करा. लाल पट्टे जळल्यासारखे काळे दिसतील, आकाशी जवळजवळ पांढरे.