फिकट त्वचाछटा (व्यक्तिचित्र संपादन)

व्यक्तिचित्रातील त्वचेची रंगतीव्रता आणि सावल्यांचा गडदपणा उतरवून जुन्या रंगीत प्रिंटसारखा विटका, मऊ रंग आणण्याची पद्धत. कोडॅक पोर्ट्रा ४०० किंवा फुजीफिल्म प्रो ४००एच (उत्पादन २०२१ मध्ये बंद) या निगेटिव्ह फिल्मवर एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त प्रकाश दिला तरी उजळ भागांतले तपशील टिकतात आणि त्वचा हलकी दिसते. डिजिटल सेन्सरला एवढी मुभा नसते, म्हणून हा परिणाम बहुधा संपादनात साधतात.

चेहरा गोरा करणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि या दोहोंची गल्लत झाली की चित्र हमखास बिघडते. सावळ्या किंवा गव्हाळ चेहऱ्याचा मूळ वर्ण ओळखू आला पाहिजे. उतरवायचा असतो तो फक्त त्याचा ठसठशीतपणा.

काम रॉ फाइलवर (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलवर) आणि १६ बिटमध्ये, म्हणजे रंगांच्या अधिक बारीक पायऱ्यांत, करावे. ८ बिटमध्ये गालावर व सपाट पार्श्वभूमीवर रंगांचे पट्टे उमटतात. कोणत्याही वर्णाच्या त्वचेतून परावर्तित होणाऱ्या प्रकाशात लाल भाग सर्वाधिक असतो. त्यामुळे लाल चॅनलमध्ये (डिजिटल चित्राच्या लाल, हिरव्या व निळ्या थरांपैकी लाल थरात) चेहरा उजळ व नितळ दिसतो, निळ्यात काळपट आणि डागाळलेला. फोटोशॉपमध्ये याचाच उपयोग करतात: चॅनल मिक्सरचा लेयर घेऊन मोनोक्रोम निवडावे, लाल १००, हिरवा व निळा शून्य ठेवावा, ब्लेंड मोड (लेयर मिसळण्याची रीत) ल्युमिनॉसिटी, म्हणजे फक्त उजळपणा बदलणारा, करून ओपॅसिटी (लेयरचा प्रभाव) २५ ते ४० टक्क्यांवर आणावी. सावळ्या त्वचेत लाल आणि निळ्या चॅनलमधले अंतर मोठे असल्याने तिथे २५ टक्केही पुष्कळ होतात. ओठ मात्र लाल चॅनलमध्ये त्वचेइतकेच उजळ होऊन जवळजवळ नाहीसे होतात. मऊ ब्रशने त्यांच्यावर मास्क (ठरावीक भागापुरता परिणाम रोखणारे आवरण) लावून परिणाम निम्मा करावा. कपाळावरच्या कुंकवाचीही तीच गत होते.

यानंतर नारिंगी रंगाचे सॅच्युरेशन (रंगतीव्रता) १५ ते २५ आणि लालचे सुमारे १० ने कमी करावे. हा बदल सबंध चित्रावर टाकला तर हळदीच्या कार्यक्रमातील किंवा केशरी शालूतील वधूच्या चित्रात कापडाचा रंगही मरतो, म्हणून त्वचेपुरताच मास्क हवा. नारिंगीची ल्युमिनन्स (उजळपणा) फार वाढवली की जबड्याच्या कडेला नॉइज (रवाळ ठिपके) येतो आणि त्वचा राखेसारखी दिसू लागते.

विटकेपणा येतो तो कर्व्हमधून, म्हणजे ० (काळा) ते २५५ (पांढरा) या उजळपणाच्या पायऱ्या बदलणाऱ्या वक्ररेषेतून. काळा बिंदू ० वरून २५ वर, पांढरा २५५ वरून २४२ वर आणावा. एवढ्यावर थांबल्यास काळ्याभोर केसांवर धुके पसरते आणि चेहराही मलूल होतो. म्हणून ६४ च्या जागी एक बिंदू ठेवून तो ६० वर दाबतात. असे केल्याने गडद टोक विटते, पण डोळे व भुवयांच्या भोवतालचा उठाव राहतो.

कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर पिवळट ठिपका दिसला, तर टिपतानाच लाल चॅनल २५५ ला टेकलेला असतो. लाल अडकल्यावरही प्रकाशासोबत हिरवा वाढत राहतो आणि रंग पिवळ्याकडे सरकतो. हा दोष संपादनात पुरता जात नाही. चित्र सावलीतल्या मऊ प्रकाशात, लाल चॅनलचा हिस्टोग्राम (उजळपणाचा आलेख) पाहून टिपावे.

डोळा फिक्या रंगांना काही मिनिटांतच सरावतो आणि हात वाहवत जातो. मूळ चित्र शेजारी उघडे ठेवावे. ग्रेन (फिल्मसारखा रवाळपणा) घालायचा असल्यास तो सर्वांत शेवटी, आकार बदलून झाल्यावर.