बेरियमजन्य आंत्रपुच्छशोथ

पचनमार्गाच्या क्ष-किरण तपासणीसाठी दिलेले बेरियम सल्फेट आंत्रपुच्छात (अपेंडिक्समध्ये) साचून राहिल्यानंतर उद्‌भवणारा आंत्रपुच्छाचा दाह. हा उपद्रव विरळ असून वैद्यकीय वाङ्‌मयात तो मुख्यतः एकेका रुग्णाच्या वृत्तान्ताच्या रूपाने आढळतो. 1954 मध्ये गुब्लर आणि कुक्रल यांनी प्रसिद्ध केलेला वृत्तान्त सामान्यतः यासंबंधीचा पहिला मानला जातो.

बेरियमची पाण्यात विरघळणारी लवणे विषारी आहेत. सल्फेट मात्र पाण्यात आणि जठरातील अम्लात जवळजवळ अविद्राव्य असल्याने रक्तात शोषले जात नाही, आणि क्ष-किरण अडवीत असल्याने आतड्याची आकृती चित्रात उमटवते. क्ष-किरणांचा शोध 1895 चा. आरंभी या कामी बिस्मथची लवणे वापरीत; त्यांपासून विषबाधा होत असल्याचे दिसून आल्यावर 1910 च्या सुमारास जर्मनीत बेरियम सल्फेटाचा वापर रूढ झाला. ते तोंडावाटे (बेरियम मील) किंवा गुदमार्गाने (बेरियम एनिमा) देतात, आणि दोन्ही प्रकारांनंतर हा उपद्रव नोंदला गेला आहे.

आंत्रपुच्छ ही उंडुकाला (मोठ्या आतड्याच्या आरंभीच्या भागाला) जोडलेली, एका टोकास बंद असलेली अरुंद नळी होय. तपासणीच्या वेळी तीत बेरियम शिरणे स्वाभाविक आहे. आंत्रपुच्छ पूर्ण भरलेले दिसणे हे तर ते निरोगी असल्याचे गमक समजले जाई. बहुतेकांत हे बेरियम काही दिवसांत बाहेर पडते, पण काहींत ते कित्येक आठवडे टिकूनही त्रास होत नाही.

कारणमीमांसेतील वाद येथेच आहे. एका मतानुसार मोठ्या आतड्यात पाणी शोषले गेल्याने बेरियम घट्ट होते, त्याचा खडा बनतो आणि तो आंत्रपुच्छाचे तोंड बंद करतो. आत साचलेल्या स्रावामुळे दाब वाढतो, रक्तपुरवठा खुंटतो आणि जंतुसंसर्ग बळावतो. हे स्पष्टीकरण आंत्रपुच्छशोथाच्या सर्वपरिचित अवरोध-उपपत्तीशी जुळते. दुसऱ्या मतानुसार मुळात आंत्रपुच्छ रिकामे होण्याची क्रियाच मंदावलेली असते, किंवा आत आधीपासून मलाश्म (घट्ट झालेल्या मलाचा खडा) असतो व बेरियम केवळ त्यावर लेपले जाते. म्हणजे साचलेले बेरियम हे दाहाचे कारण नसून पूर्वीच्या दोषाचे चिन्ह ठरते. आंत्रपुच्छशोथ हा एरवीही वारंवार आढळणारा विकार असल्याने तपासणीनंतर तो होणे हा निव्वळ योगायोगही असू शकतो. तपासणी आणि दुखणे यांतील अंतर काही दिवसांपासून अनेक महिन्यांपर्यंत नोंदले गेल्यामुळे कार्यकारणभाव सिद्ध करणे कठीण जाते. शस्त्रक्रियेत काढलेल्या आंत्रपुच्छाच्या तोंडाशी घट्ट बेरियम आणि त्यापलीकडे दाह असे दोन्ही आढळले, तरच पहिले मत स्वीकारणे अधिक सयुक्तिक वाटते.

लक्षणे नेहमीच्या आंत्रपुच्छशोथासारखीच असतात : बेंबीभोवती सुरू होऊन उजव्या ओटीपोटात स्थिरावणारी वेदना, मळमळ, उलटी, ज्वर. साध्या क्ष-किरण चित्रात त्या जागी पांढरी शुभ्र, दाट सावली दिसते. सीटी स्कॅनमध्ये हेच बेरियम प्रखर रेषा उमटवून आजूबाजूचा भाग झाकते. अशा वेळी सोनोग्राफी उपयोगी पडते.

खानदेशाच्या संदर्भात तीन बाबी लक्षणीय आहेत. आतड्याचा क्षयरोग भारतात बहुधा लहान आतड्याचा शेवट आणि उंडुक यांच्या संगमावर आढळतो, आणि त्याच्या निदानासाठी बेरियम तपासणी दीर्घकाळ वापरात आहे. त्यामुळे उजव्या ओटीपोटाच्या जुनाट दुखण्यासाठी तपासणी झालेल्या रुग्णाला पुढे त्याच जागी तीव्र वेदना झाल्यास ती जुन्याच विकाराची समजली जाण्याचा संभव असतो. दुसरी बाब अंतराची. अक्राणी-अक्कलकुवा भागातील रुग्णाची तपासणी धुळे किंवा नंदुरबार येथे होते आणि नंतरचे दुखणे सातपुड्यातील गावी उद्‌भवते. तेथील डॉक्टरांपुढे आधीचे कागद असतातच असे नाही. ‘बेरियम’ हे नाव रुग्णाच्या ध्यानात राहत नाही, परंतु ‘पांढरे औषध पाजून फोटो काढला होता का’ असे विचारल्यास माहिती मिळू शकते, आणि ती अत्यंत मोलाची असते. तिसरी बाब उन्हाळ्याची. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात तापमान अनेकदा 45 अंश सेल्सिअसपर्यंत जाते. शरीरातील पाणी कमी होऊन बद्धकोष्ठ झाल्यास बेरियम आतड्यात रेंगाळते, म्हणून तपासणीनंतर भरपूर पाणी आणि आवश्यकतेनुसार रेचक देण्याचा नेहमीचा सल्ला तेथे विशेष काटेकोरपणे पाळला जाणे इष्ट होय.

लक्षणे नसताना केवळ चित्रात बेरियम दिसते म्हणून आंत्रपुच्छ काढण्याची प्रथा नाही. रुग्णाला धोक्याची लक्षणे समजावून देऊन निरीक्षणाखाली ठेवतात. दाह निश्चित झाल्यास आंत्रपुच्छ काढून टाकणे हाच सर्वमान्य उपचार आहे. विलंबाने आंत्रपुच्छ फुटल्यास मलासह बेरियम उदरपोकळीत पसरून तीव्र पर्युदरशोथ (उदरपोकळीच्या अस्तराचा म्हणजे पर्युदराचा दाह) होतो. पर्युदराला चिकटलेले कण धुऊन पूर्णपणे निघत नाहीत आणि त्यांभोवती गाठी निर्माण होतात व आतडी एकमेकांना चिकटतात. आतड्याला छिद्र पडल्याची शंका असल्यास याच कारणासाठी बेरियम टाळून पाण्यात विरघळणारी आयोडीनयुक्त द्रव्ये वापरतात.