लिनक्स: बूटवेळी नेटवर्क सेवा सुरू होणे

एसएसएच (दूरून लॉग-इन), वेब सर्व्हर, डीएनएस (नावावरून आयपी पत्ता शोधणे), फाइल शेअरिंग यांसारख्या सेवा, कोणी लॉग-इन करण्याची वाट न पाहता, मशीन चालू होतानाच सुरू करण्याची व्यवस्था. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सज्ज झाला की तो पहिली प्रोसेस सुरू करतो. तिचा क्रमांक १ असतो आणि पुढचा कारभार तिच्याकडे असतो.

या पहिल्या प्रोसेसला इनिट म्हणतात. पूर्वी हे काम सिस्टम फाइव्ह पद्धतीच्या इनिटकडे होते. प्रत्येक सेवेची एक शेल स्क्रिप्ट असे आणि रनलेव्हलच्या (मशीन कोणत्या अवस्थेत चालवायचे त्या पातळीच्या) डिरेक्टरीतल्या लिंकच्या नावातील आकडा तिचा क्रम ठरवी. रेड हॅट लिनक्सच्या जुन्या आवृत्त्यांत नेटवर्कची लिंक एस१० आणि एसएसएचची एस५५. म्हणजे आधी नेटवर्क, मग एसएसएच. पद्धत संथ, पण क्रम डोळ्यांना दिसे. लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी २०१० मध्ये आणलेली सिस्टमडी ही इनिट व्यवस्था मात्र सगळ्या सेवा समांतर सुरू करते. लिनक्सच्या वितरणांपैकी फेडोराने ती २०११ मध्ये, तर डेबियनने २०१५ मध्ये मूळ व्यवस्था म्हणून घेतली. जेंटू आणि अल्पाइन ही वितरणे मात्र मुळात ओपनआरसी या वेगळ्या व्यवस्थेवर आहेत.

सिस्टमडीत ‘स्टार्ट’ सेवा आत्ता चालू करते. ‘इनेबल’ फक्त पुढच्या बूटसाठी लिंक तयार करते. नुसते ‘स्टार्ट’ करून सोडलेली सेवा पुढच्या रीबूटला गायब होते, आणि सर्व्हरचा रीबूट कित्येकदा महिनोन्‌महिने होत नसल्याने ही चूक तोवर लक्षात येत नाही.

खरी गोची ‘नेटवर्क टार्गेट’ची. टार्गेट म्हणजे सिस्टमडीने बूटमध्ये गाठायचा एक टप्पा. नाव काहीही सुचवो, ते गाठले म्हणजे आयपी पत्ता मिळाला असे नव्हे. नेटवर्क सांभाळणारी यंत्रणा सुरू झाली, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे एखाद्या ठरावीक पत्त्यावर ऐकणारी सेवा डीएचसीपीचे (आपोआप आयपी पत्ता देणाऱ्या व्यवस्थेचे) उत्तर येण्याआधीच उठते, पत्ता सापडत नाही म्हणून कोसळते, आणि नंतर हाताने सुरू केली की बिनतक्रार चालते. अशा सेवेच्या युनिट फाइलमध्ये, म्हणजे सिस्टमडीसाठीच्या तिच्या वर्णनाच्या फाइलमध्ये, नेटवर्क खरेच जोडले जाईपर्यंत थांबणारे ‘नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट’ दोनदा लिहावे लागते: ‘आफ्टर’ने क्रम ठरतो, ‘वॉन्ट्स’ने ते टार्गेट बूटमध्ये ओढले जाते. एकट्या ‘आफ्टर’ने भागत नाही.

याची किंमत म्हणजे बूट रेंगाळणे. केबल काढलेली असेल, तर सिस्टमडीची स्वतःची नेटवर्क यंत्रणा मुळात १२० सेकंदांपर्यंत वाट पाहते. म्हणून जमेल तिथे सेवेला सर्व पत्त्यांवर ऐकायला लावून नको असलेली वाहतूक फायरवॉलने अडवणे बरे. अशा सेवेला आयपी मिळण्याची वाट पाहावी लागत नाही.