सातवाहन साम्राज्य आणि व्यापारी मार्ग

सातवाहन हे दख्खनवर राज्य करणारे प्राचीन घराणे असून त्याची सत्ता इ.स. तिसऱ्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकली. पैठण (प्रतिष्ठान) ही त्याची राजधानी समुद्रापासून फार दूर होती. तरीही या साम्राज्याचा विस्तार बंदरांकडे जाणाऱ्या वाटांच्या आधारानेच झाला.

या वाटांपैकी नाणेघाट सर्वांत महत्त्वाचा. जुन्नरचे पठार आणि कोकण यांना जोडणाऱ्या या घाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख कोरलेला असून, त्यात यज्ञांच्या वेळी दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) मोजदाद आहे. इतकी संपत्ती नोंदवण्यासाठी राजधानी सोडून घाटमाथा निवडला जावा, यातच त्या वाटेचे मोल दिसते. कार्ले आणि नाशिक येथील लेणीही अशाच मार्गांलगत आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील (बौद्ध प्रार्थनागृहातील) काही स्तंभ यवन (ग्रीक म्हणवणाऱ्या) दात्यांनी दिलेले आहेत.

मोसमी वाऱ्यांच्या साहाय्याने इजिप्तहून येणाऱ्या जहाजांचे मुख्य ठिकाण भडोच (भरुकच्छ) होते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथानुसार पैठण भडोचच्या दक्षिणेस 20 दिवसांच्या, तर तेर (तगर) पैठणच्या पूर्वेस 10 दिवसांच्या अंतरावर होते आणि तेथील मौल्यवान खडे व सुती कापड गाड्यांतून आडवाटांनी भडोचला येत असे. कल्याण बंदरात चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही हा ग्रंथ सांगतो. बंदरांवरील ताब्यासाठीची चढाओढ किती तीव्र होती, याचा हा समकालीन पुरावा मोलाचा आहे.

या चढाओढीत क्षहरात घराण्यातील शक क्षत्रप (प्रांताधिपती) नहपान काही काळ सातवाहनांवर वरचढ ठरला. त्याचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेखात भडोच, दशपुर (आजचे मंदसोर), नाशिकजवळील गोवर्धन व सोपारा येथे बांधलेल्या विश्रामगृहांची आणि तापी, दमण, डहाणू आदी नद्यांवर विनामूल्य ठेवलेल्या नावांची नोंद केली आहे. त्याने गोवर्धनच्या एका विणकर श्रेणीकडे (व्यावसायिकांच्या संघाकडे) 2,000 कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने कायमचे ठेवले आणि त्या व्याजातून 20 भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी 12 कार्षापण देण्याची व्यवस्था लावली. कारागिरांच्या श्रेणी पेढीचेही काम करीत, हे यावरून कळते. हे सारे दान धर्मासाठी होते, पण नावा आणि विश्रामगृहे यांचा लाभ व्यापाऱ्यांनाही होणारच.

सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा उच्छेद करून हे मार्ग परत मिळवले. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे 1906 मध्ये सापडलेल्या नहपानाच्या 13,000 हून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला आहे. जुने चलन वितळवत न बसता नव्या राजाच्या नावाने ते व्यवहारात ठेवले गेले. पुढे सातवाहनांचे बळ पूर्व किनाऱ्याकडे झुकले आणि नंतरचा सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आले.