ईडिपस आणि अथेन्समधले खुनाचे खटले

ईडिपसची गोष्ट 'नियतीपुढे माणूस हतबल' या एका वाक्यात गुंडाळली जाते, तेव्हा मला वाईट वाटतं. प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीजने 'ईडिपस राजा' हे नाटक लिहिलं त्या काळात अथेन्समध्ये एक अवघड प्रश्न रोजच्या व्यवहारात येत होता: नकळत घडलेलं कृत्य त्या माणसाचं स्वतःचं मानायचं का?

मूळ कथा फार जुनी. होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्यात ती काही ओळींत येते. बापाची हत्या, आईशी लग्न, सत्य उघड झाल्यावर आईचा गळफास, सगळं तिथे आहे. पण डोळे फोडून घेतल्याचा उल्लेख नाही आणि ईडिपस दुःख भोगत थीब्ज शहरावर राज्य करत राहतो. इ.स.पू. ४६७ मध्ये एस्किलस या नाटककाराने याच घराण्यावर तीन नाटकं सादर केली. त्यांतलं शेवटचं तेवढं आज शिल्लक आहे. त्यात अपोलो देवाने ईडिपसच्या बापाला, लायसला, तीनदा बजावलेलं असतं की निपुत्रिक मेलास तरच शहर वाचेल. तो ऐकत नाही आणि त्याची फळं पुढच्या दोन पिढ्या भोगतात.

सोफोक्लीजने ही अट काढून टाकली. त्याचं नाटक इ.स.पू. ४२९ च्या आसपासचं, म्हणजे अथेन्समधल्या मोठ्या साथीनंतरचं, असं सहसा मानतात. त्यात लायसचं काय चुकलं हे सांगितलेलंच नाही. मुलगा बापाला मारणार, एवढाच देवाचा कौल. बापाचा अपराध दूर झाला की सगळा भार एकट्या ईडिपसवर येतो.

आता न्यायालयांकडे पाहू. इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरीस अथेन्सचा कायदेकर्ता ड्रॅको याच्या कायद्याने जाणूनबुजून केलेला खून आणि अजाणता झालेली हत्या यांत फरक केला. पहिल्याचा खटला अरिओपॅगस टेकडीवर चाले, दुसऱ्याचा पॅलेडियन या न्यायालयात. कायद्याने क्षम्य हत्येसाठी डेल्फिनियन हे तिसरं ठिकाण होतं. अजाणता मारणाऱ्याला देहदंड नव्हता. त्याला देश सोडावा लागे आणि मृताच्या नातलगांनी माफ केलं तर परत येता येई. हत्येचा विटाळ मात्र त्यालाही लागे. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की एका स्पर्धेत भाला लागून माणूस मेला, तेव्हा दोष भाल्याचा, फेकणाऱ्याचा की स्पर्धा भरवणाऱ्यांचा, यावर अथेन्सचा नेता पेरिक्लीज आणि तत्त्वज्ञ प्रोटागोरस यांनी अख्खा दिवस चर्चा केली. सोफोक्लीजचा प्रेक्षक या शहरातला होता.

म्हणून नाटकाची रचना मला फार महत्त्वाची वाटते. बापाची हत्या आणि आईशी लग्न या गोष्टी पडदा उघडण्याआधीच घडून गेल्या आहेत. रंगमंचावर दिसतो तो लायसच्या मारेकऱ्याचा तपास. मारेकऱ्याला शोधा, असा देवाचा कौल येतो खरा, पण स्वतःच्या जन्मापर्यंत तो तपास नेायला ईडिपसला कुठलाही कौल भाग पाडत नाही. आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस बोलायला तयार नसतो, म्हातारा मेंढपाळ गयावया करतो, त्याची आई आणि बायको असलेली योकास्टा तर म्हणते की तू कोण आहेस हे तुला कधीच न कळो. तरी तो थांबत नाही. कुळ हलकं निघालं तरी चालेल, पण मी ते जाणून घेणारच, हा त्याचा हट्ट. आपण कोण, याचं उत्तर त्याला दैवाने आयतं दिलेलं नाही. त्याने ते ओढून काढलेलं आहे. शेवटी तो सांगतो की ही दुःखं अपोलोने आणली, पण डोळ्यांवर वार करणारा हात माझाच होता.

सोफोक्लीज या माणसाकडे पुन्हा वळला, तो अगदी म्हातारपणी. कोलोनस या आपल्याच गावाच्या पार्श्वभूमीवर त्याने लिहिलेलं नाटक त्याच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. ४०१ मध्ये, नातवाने रंगमंचावर आणलं. त्यातला आंधळा ईडिपस थेट वकिली भाषेत बोलतो. ती कृत्यं मी केली नाहीत, मी ती सोसली. कोणी अंगावर धावून आला, तर तू माझा बाप आहेस का, असं आधी विचारत बसाल का? कायद्यापुढे मी निर्दोष आहे.

पुढच्या शतकात अॅरिस्टॉटलने स्वेच्छेने केलेलं आणि अनिच्छेने घडलेलं कृत्य यांची रीतसर मांडणी केली. नीतिशास्त्रावरच्या त्याच्या ग्रंथात अनिच्छेचं एक उदाहरण असं आहे: आपण कोणाला तरी मारतो आहोत हे ठाऊक असणारा, पण तो आपला बाप आहे हे ठाऊक नसणारा माणूस.