निमंत्रणपत्रिकेवरचे नाव

ठाण्यात राहून सिरॅमिकमध्ये काम करणाऱ्या एखाद्या कलावंताच्या प्रदर्शनाची छापील निमंत्रणपत्रिका हाती येते, तेव्हा तिच्यावर एका कलाकृतीचे छायाचित्र, त्याखाली कलावंताचे नाव आणि मग दालन, तारखा व वेळ असा मजकूर असतो. त्यातले नाव आपण आज गृहीत धरतो. मातीकामाच्या बाबतीत मात्र त्यामागे मोठा इतिहास आहे.

मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या सर जे. जे. कलाशाळेत १८७० च्या दशकात शाळेचे अधीक्षक जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने मातीकाम उभे राहिले. सिंधमधल्या कुंभारांची झिलईची, म्हणजे भांड्यावर काचेसारखा थर चढवण्याची परंपरा आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून घेतलेल्या आकृती यांच्या मिलाफातून घडलेली ही भांडी परदेशी संग्रहांपर्यंत पोहोचली, पण ती शाळेची म्हणून. चाकावर बसणारे हात त्या नावाआड गेले, ही खंत आजही वाटावी अशीच आहे.

हे चित्र पालटले ते जपानमध्ये मातीकाम शिकून आलेल्या सरदार गुरचरण सिंग यांच्यासारख्यांमुळे. त्यांनी १९५२ साली दिल्लीत ‘दिल्ली ब्लू पॉटरी’ सुरू केली. त्याच वर्षी मुंबईत जहांगीर कलादालनही सुरू झाले. तिथे कलावंत दालन भाड्याने घेतो, प्रदर्शन साधारण आठवडाभर चालते आणि पत्रिकेची छपाई कलावंतालाच पाहावी लागते. पुढे १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी पुदुच्चेरीत ‘गोल्डन ब्रिज पॉटरी’ स्थापन केली. तिथे शिकलेल्या अनेकांनी भांड्यापासून शिल्पापर्यंत मजल मारली. ठाणे जिल्ह्यापुरते बोलायचे तर भाईंदरचे ब्रह्मदेव राम पंडित यांचे उदाहरण सर्वांत मोलाचे आहे, कारण बिहारमधल्या कुंभार घराण्यातून आलेल्या या कारागिराला २०१३ साली पद्मश्री मिळाली आणि पिढीजात कुंभार व दालनातला कलावंत यांच्यातली भिंत निदान एका ठिकाणी पडली.

पत्रिकेवरचे छायाचित्रही नीट पाहण्याजोगे असते. स्टोनवेअरची, म्हणजे दगडासारख्या घट्ट होणाऱ्या मातीकामाची भाजणी साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला होते, आणि भट्टीतला प्राणवायू कमी केला तर तांब्याची जी झिलई एरवी हिरवी उतरली असती ती लाल होते. भट्टी उघडेपर्यंत कोणता तुकडा कसा निघेल याची हमी देता येत नाही. छपाईला मात्र आधीच काही दिवस द्यावे लागतात, त्यामुळे पत्रिकेवर बहुधा आधीच्या भाजणीतला तुकडा असतो आणि शेवटच्या भट्टीतले काम पाहणाऱ्याला थेट दालनातच भेटते. म्हणूनच मला त्या छायाचित्राइतकीच त्याखालची ओळ महत्त्वाची वाटते, कारण माध्यम, भाजणीचा प्रकार आणि उंची एवढ्यावरूनही जाणत्याला बरेच कळते.

माती मळणाऱ्या आणि भट्टी भरणाऱ्या सहायकांची नावे मात्र पत्रिकेवर सहसा येत नाहीत. पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांना सहज जागा देता येईल, आणि ठाण्या-नवी मुंबईतल्या कलावंतांनी तरी ती द्यावी.